चौथ्या टेबलाचं उत्तर

"गप्प का बसलात सगळे? तोंडाला कुलपं लावलीत का?"

बाई खिडकीपासून गर्रकन वळल्या आणि कमरेवर हात ठेवून वर्गाकडे बघत राहिल्या.

खरं सांगायचं तर सहावीच्या त्या वर्गात त्या क्षणी कुणीही गप्प नव्हतं. पहिल्या टेबलावर अपूर्णांकांवरून हमरीतुमरी चालली होती. तिसऱ्या टेबलावर तिघंजण एकदम समजावत होते आणि ज्याला समजावत होते तो बिचारा "एकेकाने, एकेकाने" म्हणून हात जोडत होता. बाईंचा प्रश्न ऐकून मात्र सगळी पोरं खरोखरच गप्प झाली आणि एकमेकांची तोंडं पाहू लागली.

"मग? बोला की! शेजाऱ्याला विचारा, त्याच्याशी भांडा, पण बोला! ही असली मुकी पोरं माझ्या वर्गात चालायची नाहीत."

पोरं आज्ञाधारक. बोलायला लागली. बाईंचा चेहरा काही खुलेना, तेव्हा आणखी मोठ्याने बोलायला लागली. तरी बाई कपाळाला आठ्या घालून उभ्याच, तेव्हा पोरांनी बेंबीच्या देठापासून अपूर्णांकांची बेरीज चालवली. छपरावरची कबुतरं उडाली. पलीकडच्या वर्गातून लाकडी फळ्यांच्या भिंतीवर डस्टर आपटला. आणि दारात हेडसर येऊन उभे राहिले.

हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. शाळेत टाचणी पडली तर तिचा आवाज ऑफिसात ऐकू आला पाहिजे, असं त्यांचं मत. आणि ती टाचणी कोणाची हे शोधून काढणं ही त्यांची हौस.

"बाई, हा काय प्रकार आहे?" ते ओरडले.

बाईंना त्यांचे हललेले ओठ दिसले, वर चढलेल्या भुवया दिसल्या. त्यांना वाटलं, चला, आपल्याला वाटतंय तेच यांनाही वाटतंय.

"बघा ना, हेडसर! कशी चिडीचूप बसलीत! मला तर लाज वाटते."

हेडसर कानापर्यंत लाल झाले. इतक्या वर्षांत त्यांना असा तोंडावर टोमणा कोणी मारला नव्हता. "पोचलं, बाई. पोचलं बरं," एवढंच म्हणून ते निघून गेले. बाई पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात आलं, माझा वर्ग मेला.

आता वर्ग मेला म्हणजे काय, हे कळायला बाईंची रीत ठाऊक असायला हवी.

शाळेत त्यांना सगळे भुंगाबाई म्हणत. पोरं मागून म्हणत, शिक्षक चहा पिताना म्हणत, आणि हेडसर नुसतं मनात म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी रांगेतली बाकं ओढून एकमेकांना भिडवली, त्यांची टेबलं केली आणि प्रत्येक टेबलाभोवती चार-चार पोरं बसवली. नियम मोजके. अडलं तर आधी टेबलाला विचारायचं, मग बाईंना. शेजाऱ्याला उत्तर सांगायचं नाही; त्याला असा प्रश्न विचारायचा की उत्तर त्याचं त्यालाच सापडेल. आणि सगळ्यात मोठा नियम हा की टेबलाचं उत्तर फळ्याशी उभं राहून सांगायचं ते त्या टेबलावर ज्याला सगळ्यात शेवटी कळलं त्याने.

या शेवटच्या नियमाने भल्याभल्या हुशार पोरांची जिरली. आपल्याला आलं म्हणून हात वर करायची सोय नाही. शेजारचा ढ समजून उमजून फळ्यापर्यंत पोचला, तरच आपल्या टेबलाची शान. त्यामुळे त्या वर्गात ढ पोरांची अशी काही बडदास्त ठेवली जाई की हुशार पोरांना मधूनमधून आपणही ढ असतो तर बरं झालं असतं असं वाटे.

आणि बाई? बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकत. बघायची गरजच नव्हती. शिकणाऱ्या टेबलाचा आवाज भुंग्यासारखा. वर जाणार, खाली येणार, मध्येच थबकणार आणि "हां!" करून पुन्हा उडणार. उतरवून घेणाऱ्या टेबलावर नुसती पेन्सिलींची खरखर. जिथे एकटाच शहाणा बोलतो तिथे बाकीच्यांच्या जांभया ऐकू येतात. बाई मागे न वळता म्हणत, "दुसरं टेबल, उतरवू नका. पाचवं, तिला बोलू द्या की जरा." पोरांना वाटे, बाईंच्या अंबाड्यात तिसरा डोळा आहे. एकदा म्हणे त्या तापाने घरी झोपल्या होत्या आणि तिथून त्यांनी निरोप पाठवला की सहाव्या टेबलाचा हातचा चुकतोय. हे जरा जास्तच झालं. पण सांगणारा शपथेवर सांगतो, आणि हातचा खरंच चुकला होता.

या भुणभुणीचा सगळा ताप पलीकडच्या वर्गाला. तिथे मास्तर भाषा शिकवत. दोन वर्गांच्या मधे नुसती फळ्यांची भिंत. मास्तर दर तासाला एकदा तरी डस्टर आपटत, आणि मधल्या सुट्टीत तक्रार ठरलेली.

"बाई, माझ्या वर्गात भिंतीतून गणितं येतात. आणि तीही चुकीची!"

"चुकीची आधी येतात, मास्तर. बरोबर मागून येतात. जरा थांबत जा."

वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

त्या वर्षी चौथ्या टेबलावर चार जण होते. एक पंडित, त्याला सगळं येई आणि येतं हेही येई. एक मोटार, त्याचं बोलणं सुरू झालं की ब्रेक लागत नसे. एक थोरली, सहावीत दुसऱ्यांदा बसलेली, सगळ्यांच्या नाकाला रुमाल लावणारी. आणि चौथी चिमणी.

चिमणी शाळेत नवी. पहिल्या दिवशी तिची आई तिला दाराशी घेऊन आली आणि आधी तिला आत पाठवून मग हळूच म्हणाली, "बाई, ही घरी बोलते हो. आमच्यापाशी चांगली बोलते. बाहेर मात्र तोंड म्हणून उघडत नाही. आधीच्या शाळेत तर मुकीच समजायचे. हसायचे पण."

"ताई, माझ्या वर्गात भिंतीसुद्धा बोलतात," बाई म्हणाल्या. "वर्ष संपायच्या आत तुमची लेक फळ्याशी उभी राहून बोलेल. हा माझा शब्द."

शब्द दिला आणि चौथ्या टेबलाच्या स्वाधीन केला. टेबलाने काही बाकी ठेवलं नाही. पंडितने गप्प बसायला शिकून घेतलं, आणि यापरतं मोठं काम त्याने आयुष्यात केलं नसेल. मोटारने अर्ध्या वाक्यावर थांबायची सवय लावली, म्हणजे उरलेलं वाक्य चिमणीला पुरं करता यावं. ती नुसती मान हलवायची. मग बोट दाखवायला लागली. मग थोरलीच्या कानात कुजबुजायला लागली. आणि एक दिवस नळांचं गणित होतं. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ? बाईंनी विचारलं, "चौथं टेबल, कोण बोलणार?" तर चिमणी आपणहून उठली आणि फळ्याशी जाऊन उभी राहिली.

सगळा वर्ग श्वास रोखून बसला. बाई खिडकीशी होत्या, त्या वळल्या. पोरगी मान खाली घालून उभी होती. बाईंनी वाट पाहिली. पोरीने फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं. बाईंनी आणखी वाट पाहिली.

"बोल बाळा. घाबरू नको."

चिमणीने एकदा वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली. बाई थांबल्या. वर्गात बाकी कुणी हूं की चूं करत नव्हतं.

"बरं, असू दे," बाई शेवटी मायेने म्हणाल्या. "बस जागेवर. आज नाही जमलं, पुढच्या वेळी जमेल. चौथं टेबल, अजून थोडी मेहनत घ्या तिच्यावर. पाचवं टेबल, या तुम्ही."

पंडित काहीतरी सांगायला ताडकन उभा राहिला होता. बाईंनी त्याला हातानेच बसवलं. नियम म्हणजे नियम.

त्या दिवसानंतर चौथं टेबल मिटलं. आणि बाईंना वाटायला लागलं, त्याची लागण होऊन एकेक टेबल मिटत चाललंय. भुंगा दर दिवशी आणखी लांब जातोय. आज तर कुठेच नाही.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. यजमान बाहेरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. घड्याळांचं दुकान मुलाने चालवायला घेतल्यापासून ते घरीच दुरुस्ती करत. बाईंनी चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि एकदम त्यांना रडूच कोसळलं.

"वर्गात कुणी बोलत नाही. घरी तुम्ही बोलत नाही. मी केलंय तरी काय सगळ्यांचं?"

यजमानांनी भिंग काढलं. त्यांचा चेहरा असा झाला की जणू घड्याळातून कोंबडा निघाला. ते उठून बाईंच्या अगदी तोंडासमोर वाकले आणि ओरडून म्हणाले, "मी बोलत नाही? अगं, तूच उत्तर देत नाहीस! मला वाटलं, रागावलीस."

"कशावरून?"

"ते कळलं असतं तर आणखी काय हवं होतं? तरी मी माफी मागितली. दोनदा मागितली. तू भांडी घासत होतीस."

"मी कधी ऐकली?"

"तेच तर. मला वाटलं, राग अजून गेला नाही."

दोघंही एकमेकांकडे पाहून हसले. इतक्या दिवसांचा अबोला, आणि भांडण कुणी केलंच नव्हतं. हसता हसता यजमान मात्र मधेच थांबले. टेबलावरचं गजराचं जुनं घड्याळ त्यांनी उचललं. त्याची टिकटिक अशी की शेजारीपाजारी तिच्यावर आपली घड्याळं लावत. ते घड्याळ घेऊन ते बाईंच्या मागे गेले.

बाई वाट पाहत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, लावा ना कानाला."

उत्तर आलं नाही. बाईंनी हात वर केला. बोटांना घड्याळाचा थंडगार पत्रा लागला. तो कानाला टेकलेलाच होता, आणि बोटांखाली टिकटिक चालू होती.

यजमान किती तरी वेळ पुढे आलेच नाहीत.

डॉक्टरांनी कानात दिवे घालून पाहिलं, कानाला डबे लावून पाहिलं, आणि म्हणाले की गेलेलं परत यायचं नाही, उरलंय तेही जाईल. त्यांनी एक यंत्र दिलं. बंद खोलीत एकच माणूस समोर बसून बोलला तर यंत्रातून बोलणं कळे. वर्गात मात्र त्यातून पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज येई. पहिलं टेबल कुठलं, पाचवं कुठलं, कोण शिकतंय, कोण उतरवतंय, सगळ्याचा नुसता खडखडाट. त्यात भुंगा कुठे नव्हता.

हेडसरांना हे कळलं तेव्हा त्यांना त्या दिवशीचा टोमणा आठवून फार वाईट वाटलं. माणूस कडक, पण काळजाने वाईट नव्हता. त्यांनी बाईंना ऑफिसात बसवून स्वतःच्या हाताने पाणी दिलं.

"बाई, नोकरी सोडायचं काही कारण नाही. बाकं पुन्हा सरळ रांगेत लावू. तुम्ही बोला, पोरं ऐकतील. तशा शिकवण्याला कान लागत नाहीत. आपल्याकडे बरेचजण तसंच शिकवतात की."

ते अगदी मनापासून, समजूत घालायला म्हणाले. बाईंनी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"नको, हेडसर," त्या म्हणाल्या. "मला येतं ते एवढंच."

राजीनामा दिला आणि शिक्षकांच्या खोलीत आपलं कपाट आवरायला बसल्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मास्तर आले, दार लोटून समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांना गंभीर बोलायची सवय नव्हती, म्हणून आधी चष्मा पुसला, मग परत पुसला.

"तुमचा वर्ग मी मागून घेतलाय हेडसरांकडून. टेबलांसकट."

बाईंना वाटलं, यंत्र बिघडलं. "तुम्ही? डस्टर आपटणारे?"

"इतकी वर्षं भिंतीला लागून बसलोय मी. तुमचं एकेक टेबल आवाजावरून ओळखतो. पहिलं भांडतं, तिसरं एकदम बोलतं, सहाव्याला हातचा येत नाही. माझ्या वर्गातलं काय ऐकणार? तिथे मीच बोलत असतो." ते हसले. मग म्हणाले, "फक्त चौथं टेबल हल्ली बोलत नाही. ती बारीक आवाजाची पोरगी बोलली, त्याच्यानंतर."

"कोण बोलली?"

"ती चिमणी का कोण. नळांचं गणित सांगितलं नाही का तिने? तुमचा वर्ग एकदम गप्प झाला, म्हणून मला शंका आली. मी माझाही वर्ग थांबवला आणि कान लावला. 'दोन तास,' म्हणाली. तुम्ही म्हणालात, बोल बाळा. तर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं तिने. एक नळ तासात तिसरा हिस्सा भरतो, दुसरा सहावा, मिळून अर्धी टाकी. अगदी बरोबर. मी म्हटलं, आता बाई पोरीला डोक्यावर घेणार. आणि तुम्ही म्हणालात..."

मास्तर इथे थांबले. समोर काय झालं ते त्यांना दिसलं असावं. बाईंचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला होता.

"बाई, मला तेव्हा माहीत नव्हतं हो. वाटलं, तुमची काही रीत असेल."

"दोनदा सांगितलं तिने?"

"दोनदा."

शेवटच्या दिवशी बाई वर्गात आल्या, यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि खिडकीकडे न जाता चौथ्या टेबलापाशी गेल्या. बाकाच्या कडेला थोडी जागा होती, तिथे अंग चोरून बसल्या.

"मला ते नळांचं कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "समजवा."

चौघं एकमेकांकडे पाहायला लागले. पंडितने तोंड उघडलं, तर थोरलीने त्याला कोपर मारलं. मोटारने काहीतरी सुरू केलं आणि बाईंचा चेहरा पाहून अर्ध्यावर सोडलं. चिमणी खाली मान घालून बसली होती. बाई वाट पाहत होत्या. आता ऐकायचं असं काही उरलंच नव्हतं, तेव्हा वाट पाहणं त्यांना सोपं गेलं असावं.

चिमणीने शेवटी खडूचा तुकडा घेतला. टेबलाच्या लाकडावरच एक चौकोन काढला. ही टाकी. वर दोन नळ काढले. आडव्या रेघा मारून टाकीचे सहा सारखे भाग केले. पहिल्या नळावर बोट ठेवून खालचे दोन भाग खडूने भरले. दुसऱ्या नळावर बोट ठेवून आणखी एक भरला. मग बोट भरलेल्या भागावर ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्या हातातून खडू घेतला आणि वरचे तीन भाग आपण भरले. टाकी भरली.

मग बाई उठून फळ्याशी गेल्या. वर्ग गप्प होता की गलका करत होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपला आवाज किती मोठा ठेवावा याचाही अंदाज येईना, म्हणून त्या सावकाश बोलल्या.

"चौथ्या टेबलाचं उत्तर. दोन तास. टेबलावर सगळ्यात शेवटी मला कळलं, म्हणून मी सांगायला आले आहे. मागे हेच उत्तर चिमणीने इथे उभं राहून सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. बरोबर होतं. मला ऐकू आलं नाही."

एवढं बोलून त्यांनी खडू ठेवला.

चिमणी जागेवर उभी राहिलेली त्यांना दिसली. तिचे ओठ हलले. वर्गातली सगळी डोकी तिच्याकडे वळली. आणि मग सगळी डोकी एकदम फळ्यांच्या भिंतीकडे वळली आणि पोरं हसायला लागली. पलीकडून डस्टर आपटला असणार, हे बाईंनी ओळखलं. कितीदा आपटला, ते काही त्यांना ओळखता आलं नाही.

पोरगी काय म्हणाली, ते बाईंनी विचारलं नाही. एकदा बोललेलं पुन्हा बोलायला त्यांनी तिला लावलं होतं, तेवढं पुरे होतं.

"चला, कामाला लागा," त्या म्हणाल्या, आणि सवयीने खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे पोरं एकमेकांच्या डोक्याला डोकी लावून बोलायला लागली असतील. अर्ध्याअधिक पोरांना अजूनही वाटत होतं की बाई ऐकताहेत. बाई ताठ उभ्या होत्या. मान थोडी उजवीकडे कललेली, जशी चौथ्या टेबलासाठी कलायची.

तास संपल्याचं त्यांना मैदानात पोरं धावताना दिसली तेव्हा कळलं.